शिक्षकांच्या नजरेआड घडलेली भाषा : निकाराग्वातील बधिर मुलांचे प्रकरण

जून १९८६ मध्ये मध्य अमेरिकेतल्या निकाराग्वा देशाच्या शिक्षण मंत्रालयाने ज्यूडी केगल या अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ बाईंशी संपर्क साधला. बाईंचा अभ्यास अमेरिकेतल्या सांकेतिक भाषेचा, म्हणजे तिथले बधिर लोक हातांच्या खुणांनी बोलतात त्या भाषेचा. राजधानी मनाग्वातल्या बधिर मुलांच्या शाळांत एक विचित्र पेच पडला होता. शिक्षक मुलांना स्पॅनिश शिकवत होते आणि ती काही केल्या मुलांच्या डोक्यात शिरत नव्हती. तीच मुले वर्गाबाहेर पडली की हात नाचवत एकमेकांशी अखंड काहीतरी बोलत, आणि त्यातले ओ की ठो शिक्षकांना कळत नसे. वर्गात मख्ख, मैदानात बडबडी. एकच मूल दोन ठिकाणी इतके वेगळे का दिसावे?

या प्रश्नाचा पाठपुरावा करताना जे हाती लागले, त्यावर पुढची काही दशके संशोधन चालले. मुलाची बुद्धी घडण्यात इतर माणसांचा वाटा कसला असतो, हे इतक्या स्वच्छपणे दाखवणारी दुसरी घटना माझ्या पाहण्यात नाही. मुलांना भाषेपासून तोडून काय होते ते पाहण्याचा प्रयोग मुद्दाम कुणी करू नये. अकबराने केला होता, अशी नोंद अबुल फजलने ठेवली आहे. तान्ह्या मुलांना न बोलणाऱ्या दायांच्या हवाली करून एका वाड्यात वाढवले आणि काही वर्षांनी जाऊन पाहिले, तर मुलांच्या तोंडी एकही शब्द नव्हता. निकाराग्वात हे कुणी ठरवून केले नाही. परिस्थितीनेच मुलांना आधी एकेकटे ठेवले आणि मग अचानक एकत्र आणून सोडले.

शाळेच्या आधी

१९७० च्या दशकापर्यंत निकाराग्वात बधिर माणसे होती, बधिर समाज नव्हता. बहुतेक बधिर मुले ऐकणाऱ्या आईवडिलांच्या पोटी जन्मतात. ही गोष्ट जगभर सारखीच. जिथे सांकेतिक भाषा आधीपासून रुजलेली असते, तिथे मूल उशिरा का होईना, शाळेत किंवा बधिरांच्या मंडळींत तिच्यापर्यंत पोचते. निकाराग्वात पोचायला भाषाच नव्हती. विशेष शिक्षणाचे थोडेफार प्रयत्न झाले होते, पण त्यांतून शाळेबाहेर टिकेल असा सहवास उभा राहिला नाही. बधिर मूल घरीच वाढे आणि घरीच म्हातारे होई.

घरी मुकेपणा नसे. भूक लागली, चल, नको, तो उंच माणूस आला होता, असे बरेच काही हातांनी सांगितले जाई. संशोधक याला घरगुती खुणा म्हणतात. मानसशास्त्रज्ञ सुसान गोल्डिन-मेडो यांनी इतरत्र केलेल्या दीर्घ अभ्यासातून दिसले की या खुणा वाटतात तितक्या ढिसाळ नसतात. त्यांत एक क्रम असतो, कुणी काय केले याची मांडणी असते. गंमत अशी, की हा क्रम मुलाच्या हातांत सापडतो, आईच्या हातवाऱ्यांत सापडत नाही. मूल ते स्वतःच रचते. म्हणजे भाषेची ओढ उपजत असते हे मान्यच करायला हवे. पण एकट्याच्या रचनेची धाव कुठवर जाते, हा पुढचा प्रश्न. त्याकडे नंतर येऊच.

१९७७ साली मनाग्वाच्या सान हुदास भागात विशेष शिक्षणाचे एक केंद्र उघडले. सुरुवातीला तिथे पन्नासेक बधिर मुले होती. १९७९ मध्ये सोमोसा घराण्याची हुकूमशाही राजवट कोसळली, सांदिनिस्ता क्रांतिकारक सत्तेवर आले आणि शिक्षणाला एकदम जोर चढला. पुढे व्हिया लिबेर्ताद भागात किशोरवयीन बधिरांसाठी व्यवसाय शिकवणारी शाळा निघाली. १९८३ पर्यंत दोन्हीकडची मिळून चारशेहून अधिक बधिर मुले एकत्र आली होती. निकाराग्वाच्या इतिहासात इतके बधिर लोक एकमेकांना याआधी कधी भेटलेच नव्हते.

शिकवण्याची पद्धत मात्र त्या काळात बऱ्याच देशांत होती तीच: ओठांच्या हालचाली वाचा, आवाज काढा, स्पॅनिश बोला. या पद्धतीचे मूळ थेट १८८० च्या मिलान परिषदेपर्यंत जाते. बधिरांच्या शिक्षकांच्या त्या परिषदेने खुणांपेक्षा तोंडी भाषा श्रेष्ठ ठरवून टाकली आणि युरोप-अमेरिकेतल्या शाळांतून खुणा हद्दपार झाल्या. मनाग्वाच्या वर्गांत बोटांनी अक्षरे दाखवत, म्हणजे हातांचा उपयोग होई तो स्पॅनिशची स्पेलिंगे गिरवण्यापुरता. जिला आवाजच ऐकू येत नाही अशा मुलीला ‘म’ आणि ‘आ’ जोडून शब्द होतो, हे कशावरून कळावे? शब्द म्हणजे काय, याचीच कल्पना नसताना त्याचे तुकडे शिकवले जात होते. शिक्षकांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांच्यापुढे दुसरा नमुनाच नव्हता.

मैदान, बस, रस्ता

वर्गाबाहेर काय चालते याकडे फारसे कुणाचे लक्ष नव्हते, आणि तेच मुलांच्या पथ्यावर पडले. प्रत्येक मूल घरून आपापल्या खुणा घेऊन आले होते. एकाच गोष्टीसाठी दहा घरांच्या दहा खुणा. खेळताना, भांडताना, शाळेच्या बसमध्ये शेजारी बसून घरी जाताना त्या एकमेकींवर आदळल्या. ज्या समोरच्याला पटकन कळत त्या टिकल्या, बाकीच्या गळाल्या. काही वर्षांत सगळ्यांना समजेल अशी एक कामचलाऊ पद्धत तयार झाली.

केगल आधी मोठ्या मुलांच्या शाळेत गेल्या. तिथे त्यांना ही कामचलाऊ पद्धत दिसली: खुणा पुष्कळ, नियम थोडे. मग त्या लहान मुलांच्या शाळेत गेल्या, आणि तिथे चित्र निराळे होते. लहान मुलांचे हात जास्त वेगाने आणि जास्त नेटके चालत होते. एका खुणेचा दुसरीशी ठरलेला संबंध दिसत होता. ज्यांनी ही पद्धत सुरू केली त्या मोठ्यांपेक्षा, ती त्यांच्याकडून घेतलेली धाकटी मुले तिच्यात अधिक तरबेज झाली होती. एरवी शिकणारा शिकवणाऱ्याच्या एक पाऊल मागे असतो. इथे उलटे घडले होते.

पुढे ॲन सेंघास आणि मेरी कोपोला या संशोधकांनी हा फरक मोजून दाखवला. अभ्यासकांनी मुलांच्या तुकड्या पाडल्या: १९८३ पर्यंत शाळेत येऊन दाखल झालेली पहिली तुकडी, त्यानंतर साधारण दहा वर्षांत आलेली दुसरी, आणि १९९३ नंतरची तिसरी. तुकडी हा शब्द इथे शाळेच्या वर्गाचा नव्हे; भाषेच्या संगतीत कोण केव्हा आले याचा आहे.

दुसऱ्या तुकडीने काय भर घातली त्याचे एक उदाहरण पुरे. समजा सांगायचे आहे की एका माणसाने दुसऱ्याला पेला दिला आणि त्या दुसऱ्याने तो फोडला. बोलणारी मुलगी ‘देणे’ ही खूण करताना हात जरा डावीकडे नेते. मग ‘फोडणे’ ही खूणसुद्धा डावीकडेच करते. दोन्ही खुणा एकाच बाजूला झाल्या म्हणजे दोन्हींतला माणूस एकच, हे पाहणाऱ्याला न सांगता कळते. ‘त्याला’, ‘त्याने’ या सर्वनामांचे काम जागा करते. पहिल्या तुकडीची माणसेही खुणा इकडेतिकडे करत, पण त्यांच्यासाठी डाव्या-उजव्याचा असा काटेकोर अर्थ नव्हता. मोठ्यांच्या हातांचे सहज सरकणे लहानांनी नियम म्हणून वाचले. जिथे नियम नव्हता तिथे तो पाहिला, आणि मग तो खरोखरच झाला.

२००४ मध्ये सेंघास, सोतारो किता आणि आस्ली ओझ्युरेक यांनी याहून सुरेख पुरावा मांडला. तिन्ही तुकड्यांतल्या प्रत्येकी दहा बधिरांना आणि स्पॅनिश बोलणाऱ्या दहा ऐकणाऱ्यांना एक व्यंगपट दाखवला. त्यात एक मांजर जड चेंडू गिळते आणि उतारावरून गडगडत खाली जाते. हा प्रसंग सांगताना ऐकणाऱ्यांचे हात बोलण्याबरोबर गोल फिरत-फिरतच खाली येत. प्रत्यक्षात घडते तसेच. गडगडणे आणि उतरणे एकदम. पहिल्या तुकडीचेही बहुधा तसेच. दुसऱ्या आणि तिसऱ्या तुकडीने मात्र त्याचे दोन तुकडे केले: आधी ‘गडगडणे’, मग ‘खाली’.

वरवर पाहता ही पीछेहाट आहे. एकत्र घडणारी गोष्ट तोडून सांगितली, तर चित्र बिघडते. पण तोडलेला तुकडा दुसरीकडे जोडता येतो. ‘खाली’ ही खूण सुटी झाली की ती ‘चालणे’ला लावा, ‘पडणे’ला लावा. नक्कल करण्याऐवजी घटनेचे घटक पाडणे, ही उडी लहान मुलांनी घेतली, आणि तीही कुणी धडा न देता.

डोक्यात काय बदलले

इथवरची कहाणी भाषेची झाली. शिक्षणाचा विचार करणाऱ्यासाठी खरी गोष्ट पुढे आहे. भाषा म्हणजे आधीच तयार असलेल्या विचारांचे नुसते वेष्टण असेल, तर भाषा तोकडी असली तरी विचार शाबूत राहायला हवा. तसे झाले का?

जेनी पायर्स आणि सेंघास यांनी २००१ मध्ये एक जुनी चाचणी मनाग्वातल्या मोठ्या माणसांवर करून पाहिली. चाचणीचा गाभा १९८३ मध्ये हाइन्झ विमर आणि योसेफ पेर्नर यांनी लहान मुलांसाठी रचला होता. गोष्ट अशी: एका मुलाने खेळणे एका जागी ठेवले आणि तो बाहेर गेला. दुसऱ्याने ते उचलून भलतीकडे ठेवले. पहिला परत आला. तो खेळणे कुठे शोधेल? तीन वर्षांचे मूल म्हणते, जिथे ते खरोखर आहे तिथे. चार-पाच वर्षांचे मूल म्हणते, जिथे त्याने ठेवले होते तिथे, त्याला बिचाऱ्याला काय माहीत! दुसऱ्याच्या डोक्यात चुकीची समजूत असू शकते आणि तो तिच्याप्रमाणे वागेल, हे कळणे म्हणजे बुद्धीच्या वाढीतला मोठा टप्पा. मनाग्वात ही चाचणी शब्दांवर फारशी अवलंबून राहू नये म्हणून चित्रमालिकेतून घेतली: गोष्टीचे शेवटचे चित्र कोणते ते निवडा.

पहिल्या तुकडीची ही माणसे तोवर पंचविशीच्या घरात पोचली होती. कामधंदा करणारी, मित्रमंडळी असलेली, आयुष्यात चार लोकांशी चार वेळा फसलेली आणि फसवलेली. त्यांतल्या बहुतेकांना योग्य चित्र निवडता आले नाही. त्यांच्याहून वयाने लहान असलेल्या दुसऱ्या तुकडीला ते सहज जमले. दोन्ही गटांच्या बोलण्यातही ठळक फरक दिसला. माणसे चुकतात अशा छोट्या चित्रफिती दाखवून वर्णन करायला सांगितले, तेव्हा दुसऱ्या तुकडीने ‘त्याला वाटले’, ‘त्याला ठाऊक नव्हते’ अशा अर्थाच्या खुणा वापरल्या. पहिल्या तुकडीने कृती सांगितली, इच्छाही सांगितली; समजुतीबद्दल मात्र फारसे काही नाही.

या निकालापाशी जरा थांबायला हवे, कारण तो ‘मुलांना माणसांत मिसळू द्या’ या नेहमीच्या सल्ल्याला छेद देतो. पहिली तुकडी माणसांत होतीच. वीस-पंचवीस वर्षांचा सहवास तिच्या गाठीशी होता. दुसऱ्याचे मन ओळखण्यासाठी नुसता सहवास पुरेसा असता, तर तिला हे केव्हाच यायला हवे होते. संशोधकांनी काढलेला निष्कर्षही हाच: सामाजिक अनुभव असूनही, त्यापलीकडे भाषेची वाढ लागते. कुणाच्या डोक्यात काय चालले असेल हे डोळ्यांना दिसत नाही. दिसते ती कृती. ‘वाटणे’ ही अदृश्य गोष्ट आहे, आणि ती दोघांच्या बोलण्यात आल्याशिवाय पकडीत येत नाही. इतर देशांतल्या अभ्यासांचाही सूर असाच आहे. बधिर आईवडिलांच्या पोटी जन्मून पहिल्या दिवसापासून सांकेतिक भाषेत वाढलेली बधिर मुले ही चाचणी ऐकणाऱ्या मुलांच्या वयातच पार करतात. ऐकणाऱ्या घरातली, उशिरा भाषा मिळालेली बधिर मुले मागे पडतात. बहिरेपण दोघांकडे सारखेच. कमीजास्त आहे ते संभाषण.

जागेच्या आकलनाबाबत २०१० मध्ये असाच निष्कर्ष आला. डोळे बांधून गोल फिरवल्यावर खोलीतली लपवलेली वस्तू शोधणे, पेटी फिरवल्यावर तिच्या कोणत्या कोपऱ्यात काय होते ते सांगणे, अशा कामांत दुसरी तुकडी पहिलीपेक्षा सरस ठरली. ज्याच्या खुणांत डावे-उजवे नियमाने येई, त्याला गोल फिरवल्यावर लपवलेली वस्तू शोधणे चांगले जमे.

आकड्यांचे प्रकरण त्याहून चटका लावणारे आहे. एलिझाबेट स्पेपेन आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये निकाराग्वातल्याच अशा प्रौढ बधिरांचा अभ्यास प्रसिद्ध केला, जे कधीच त्या शाळांत पोचले नाहीत. घरगुती खुणांवर आयुष्य काढलेली माणसे. ती काम करतात, पैसे मिळवतात, नोटा ओळखतात. आजूबाजूचा सगळा समाज मोजणारा. तरीही तीनपेक्षा जास्त वस्तू दाखवल्या आणि तितक्याच मांडायला सांगितल्या, तर त्यांचा अंदाज जवळपास येई, नेमका येत नसे. बोटे दाखवतानाही तेच. बोटे प्रत्येकाला दहा असतात आणि ती दाखवताही येतात. पण पाच, सहा, सात ही एकामागून एक येणारी माळ आहे हे बोटांकडे पाहून समजत नाही. लहान मूल ती माळ आधी अर्थ न कळता घोकते, मोठ्यांबरोबर पायऱ्या मोजत, खेळात राज्य घेताना. अर्थ मागाहून त्यात भरतो. या माणसांना ती घोकंपट्टीच कधी मिळाली नाही. (घोकंपट्टीला आपण उठता-बसता नावे ठेवतो, म्हणून मुद्दाम सांगितले.)

घरी माया होती, मग कमी काय पडले

या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न मला हा वाटतो. बधिर मुलाच्या आईने त्याला टाकून दिले नव्हते. ती त्याच्याशी दिवसभर वावरत होती, त्याच्या खुणांना उत्तर देत होती. मग सामाजिक देवाणघेवाण झालीच की!

एमिली कॅरिगन आणि मेरी कोपोला यांनी नेमके हेच तपासले. घरगुती खुणा वापरणाऱ्या प्रौढ बधिरांनी लहानसहान घटना खुणांनी सांगितल्या. त्या त्यांच्या आयांना कितपत कळतात ते पाहिले. शेजारी तुलनेसाठी अमेरिकी सांकेतिक भाषा वापरणारे बधिर होते. या परक्या माणसांनी त्या खुणा आयुष्यात पूर्वी पाहिल्या नव्हत्या. तरीही त्यांना आयांपेक्षा जास्त कळले. २०१७ मधला हा निकाल वाचून आधी विश्वास बसत नाही. पण विचार केला तर उलगडतो. आईला मुलाचे म्हणणे कळत असे ते प्रसंगावरून, सवयीवरून, त्याच्या चेहऱ्यावरून. मुलाच्या हातांतली रचना तिने कधी आपली केली नाही, कारण तिची स्वतःची भाषा तोंडात होती. मूल जी भाषा रचत होते ती त्याला कुणी परत केली नाही. त्याने मांडलेला डाव समोरून कुणी खेळलाच नाही.

मनाग्वाच्या बसमध्ये हे बदलले. तिथे समोरचाही त्याच अडचणीत होता. त्याला दुसरी भाषा नव्हती, म्हणून खूण नीट समजून घेणे आणि तीच परत वापरणे त्याला भागच होते. मुलाने केलेली खूण दुसऱ्याच्या हातातून थोडी बदलून परत आली, त्यावर तिसऱ्याने हरकत घेतली, चौथ्याने ती आणखी लहान केली. सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ लेव व्हिगोत्स्की यांनी बधिर आणि अन्य अपंग मुलांच्या शिक्षणावर बराच काळ काम केले होते. मुलाची प्रत्येक उच्च मानसिक क्षमता आधी माणसामाणसांत प्रकटते आणि मग मुलाच्या आत, हे त्यांचे म्हणणे शिक्षणशास्त्राच्या प्रत्येक अभ्यासक्रमात पाठ करून घेतले जाते. त्यासोबत जाणत्याने अजाणत्याला हात देण्याचे चित्रही येतेच. मनाग्वाच्या मैदानात जाणता कुणी नव्हता. भाषा कुणालाच येत नव्हती, आणि तरी ती आली. जाणता असणे उपयोगाचे खरेच, पण समोरच्याने तेच साधन वापरून उत्तर देणे त्याआधी लागते. वर्गातले शिक्षक जाणते होते. ते स्पॅनिशमध्ये बोलत, मुले हातांनी बोलत, आणि दोघांचे बोलणे कुठे भेटतच नव्हते.

हरकती

या प्रकरणाची कथा फार गोड करून सांगितली जाते, म्हणून काही गोष्टी नोंदवायला हव्यात. लहान मुलांनी शून्यातून भाषा निर्माण केली, हे चित्र सगळ्यांना मान्य नाही. लॉरा पोलिच यांनी निकाराग्वातल्या बधिर समाजाच्या घडणीचा इतिहास तपासून किशोर आणि तरुण बधिरांच्या वाट्याकडे लक्ष वेधले आहे: शाळा सुटल्यावरही एकत्र येत राहिलेले, पुढे स्वतःची संघटना उभारणारे. मला दोन्ही बाजूंत तेढ दिसत नाही. व्याकरणाला धार लहानांनी लावली असेल. पण धार लावायला काहीतरी हातात असावे लागते, आणि ते रोज भेटावे लागते. ती भेटीची जागा मोठ्यांनी राखली.

नमुने लहान आहेत. दहा-दहा माणसांचे गट, काही अभ्यासांत त्याहूनही कमी. जगात अशी माणसेच थोडी, त्यामुळे इलाज नाही. पण वाचताना हे ध्यानात ठेवावे. दोन तुकड्यांतला फरक भाषेच्या समृद्धीमुळे की भाषा भेटली त्या वयामुळे, हे वेगळे काढणेही कठीण जाते. सेंघास-कोपोलांच्या अभ्यासात दोन्ही गोष्टी लागल्या: लहान वयात येणे, आणि आधीच्यांनी जमवलेली सामग्री समोर असणे. दुसऱ्या तुकडीच्या काळात पण मोठ्या वयात आलेल्यांना धाकट्यांइतका लाभ झाला नाही.

आणि एक हरकत नीतीची. तयार सांकेतिक भाषा बाहेरून आणून मुलांना लगेच देता आली असती, ती दिली नाही, असा आक्षेप संशोधकांवर घेतला गेला. केगल यांची भूमिका होती की मुलांची स्वतःची भाषा बाहेरच्या बलाढ्य भाषेखाली चिरडली जाऊ नये. दोन्ही म्हणण्यांत वजन आहे. केगल यांनी १९९५ मध्ये अटलांटिक किनाऱ्यावरच्या ब्लूफील्ड्समध्ये शाळा काढली आणि तिथल्या एकाकी बधिरांपर्यंत निकाराग्वाचीच सांकेतिक भाषा नेली, हेही सांगायला हवे.

दोन वर्षांनंतर

राहता राहिली पहिल्या तुकडीची ती प्रौढ माणसे, २००१ मध्ये चित्र निवडताना चुकलेली. लहानपणीची वेळ टळली म्हणजे दार कायमचे बंद झाले, असे तेव्हा कुणीही म्हटले असते.

पायर्स आणि सेंघास २००३ मध्ये पुन्हा गेल्या. त्याच माणसांना पुन्हा बसवले, तशीच चित्रे, तशाच चित्रफिती. मधल्या काळात एक छोटा बदल झाला होता. दुसऱ्या तुकडीतले तरुण शाळा संपवून बधिरांच्या संघटनेत येऊ लागले होते, आणि तिथे जुन्यांची आणि नव्यांची ऊठबस वाढली होती. गप्पा, कुचाळक्या, कोण कुणाला काय वाटून भांडला याची रसभरीत वर्णने.

या खेपेला पहिल्या तुकडीतल्या काहींच्या हातांत ‘वाटणे’, ‘ठाऊक नसणे’ या खुणा आल्या होत्या. आणि ज्यांची भाषा अशी वाढली होती, त्यांनी योग्य चित्र निवडले. तो मुलगा खेळणे जुन्याच जागी शोधणार, हे त्यांना आता कळत होते. खुणा न येता समज आधी आली, असे कुणाच्याही बाबतीत दिसले नाही. वीस वर्षांपूर्वी मनाग्वाच्या बसमध्ये त्यांनीच धाकट्यांच्या हातांत खुणा दिल्या होत्या. आता मनाबद्दल बोलायच्या खुणा धाकट्यांकडून त्यांच्या हातांत येत होत्या.